एक्सची किंमत एकदाची ठरवून टाका

"बाई, या एक्सची किंमत एकदाच काय ती ठरवून का टाकत नाहीत? काल तीन, आज अकरा! आम्ही शोधायची तरी किती वेळा?"

विचारलं एकदाचं! "हिंमत असेल तर विचार, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू," असं माझ्या वर्गातल्या चिमणीने आणि तिच्या टोळक्याने कबूल केलं होतं. वर्ग फिदीफिदी हसला. गणिताच्या बाई मात्र गंभीर. "प्रश्न चांगला आहे. उत्तर उद्या तूच सांग."

झाली का पंचाईत! उद्याच पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे होते आणि गणिताला सुट्टी द्यायची, हे मी घरी केव्हाच जाहीर केलं होतं.

संध्याकाळी आमच्या शिवणकामाच्या दुकानात गेले. आई काजं करत होती, बाबा मशीनवर. मला नुकतीच कापायची परवानगी मिळालेली, त्यामुळे स्वारी हवेत! कापायची रीत बाबांनी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगलीय: शर्टाचा पुढचा भाग, 'छ भागिले चार, अधिक दोन'. छ म्हणजे छातीचं माप. टपालवाले काका काडीपैलवान, त्यांचा छ चौतीस. त्यांचा शर्ट झकास कापला. मग बेकरीवाल्या काकांचं कापड ओढलं. छ तर माहीत होताच की! सपासप कात्री चालवली.

बाबांनी तो तुकडा उचलून धरला. "हे काय, काकांच्या एका हाताला शिवायचंय?"

"छ चौतीसच ना?"

"अगं बये, तो टपालवाल्यांचा! यांचा अठ्ठेचाळीस. जो समोर उभा राहील, त्याचा छ."

"पुठ्ठ्यावर चौतीसच लिहिलं असतं," आई दोरा तोडत म्हणाली, "तर माणसागणिक नवा पुठ्ठा टांगावा लागला असता. एवढी भिंत आणायची कुठून?"

मी पुठ्ठ्याकडे बघतच राहिले. एक पुठ्ठा आणि अख्ख्या गावाचे शर्ट! म्हणजे छची जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय. आणि मी शहाणी, वर्गात उभी राहून तिला कुलूप लावा म्हणत होते! बाईंना द्यायचं उत्तर बाबांच्या हातातच होतं, फक्त चौदा इंच लागत असताना साडेदहा इंचांवर कापलेलं.

"आता या कापडाचं काय?" बाबांनी कपाळाला हात लावला.

"आधी माझं ऐका, दोघंही," मी म्हटलं. "गणित मी सोडत नाहीये, पुढच्या वर्षीही घेणार. ही कात्री मात्र तुमच्याकडेच ठेवा."