माजा ‘नाय’ कुठं गेला?

माज्या पोरीचं नाव पूर्वी, ती लिवते. कुठं लिवते ते मला इचारू नका, मला अजून धड कळलेलं नाय. पेपरात नाय, पुस्तकात नाय. मोबाइलवर लिवते, मोबाइलवरच छापून येतं, आणि लोक ते बघतात म्हणून वेबसाइटवाले तिला पैसे देतात. बघतात म्हणून! मी जलमभर पनवेलच्या बाजारात मासळी इकली. नुसतं बघून जाणारं गिऱ्हाईक मला रोज भेटतं, पण बघायचे पैसे कंदी कुणी दिले नायत.

बरं, लिवते तरी काय? एकदा लिवलं, स्वित्झर्लंडला कुठल्या महिन्यात जावं. मी बोलले, "अगं बाय, तू पळस्प्याच्या पुढं कवा गेलीस?" तर बोलली, "आय, जावं नाय लागत. चार ठिकाणी वाचायचं आणि आपल्या शब्दात लिवायचं." एकदा लिवलं, सासूशी कसं जमवून घ्यावं. लगीन नाय, सासू नाय, पण उपाय सात! शिकलेल्या पोरीला किती इचारणार?

मंग एक दिवस आपणहून माज्याजवळ येऊन बसली. मी बाजार करून आलेले, पाय चेपत होते. बोलली, "आय, वेबसाइटवाल्यांना आता दुसऱ्याचं वाचून लिवलेलं नको. घरातलं, स्वतःचं काय तरी पायजे. मासळी कशी निवडायची ते सांग. तू बोलशील तसंच लिवते, एक शब्द नाय बदलणार."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आजवर सगळ्यांनी मला भाव इचारला, समोर बसून ‘तू सांग’ असं कुणी नाय बोललं. मी सुटलेच. डोळा बघायचा, कल्ला उचलून आत लालभडक हाय का बघायचं, पोट दाबायचं, सगळं सांगितलं. आणि बोलले, "हे पण लिव. काय काय जणी कालच्या मासळीच्या कल्ल्याला ताज्या मासळीचं रगत फासतात, लाल दिसावा म्हणून. आमी रगत नाय लावत. कालची असली तर कालची बोलून इकतो."

तिनं ते लिवून मला वाचून दाखवलं. शब्दाला शब्द. माजंच तोंड, पण दुसरीकडनं आवाज येतोय असं वाटलं. मला रडूच आलं.

चार दिवसांनी ते छापून आलं. पूर्वी परीक्षेला निघालेली, चपला पायात. मी बोलले, "थांब, माज्या फोनमधली जेवढी गिऱ्हाइकं हायत, सगळ्यांना पाठव आधी." ती बोलली, "अगं, एकदा उघडून तर बघू दे." मी बोलले, "तूच लिवलंस, त्यात काय बघायचं? पाठव!" आमची घाई, दुसरं काय. तिनं पाठवलं आणि पळाली. मला वाचता येत नाय. मी आपली बाजारात जाऊन जिला तिला सांगितलं, माजी पोर माज्यावर लिवते, वाचा गं बायांनो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताजा माल मांडून बसले, आणि बाजाराला झालं काय तेच कळेना. रोजची मास्तरीणबाई आली. सुरमईचा कल्ला उचलला, त्यात बोट घातलं आणि बोट रुमालाला पुसून रुमाल बघत बसली. मी इचारलं, "काय हरवलं काय आत?" मासळी न घेताच निघून गेली. दुसऱ्या एकीनं पापलेट नाकाला लावलं, मंग माज्याकडं बघितलं, मंग परत पापलेटाकडं. जसं काय मी आणि पापलेट बहिणी. मी बोलले, "वाचलं का, माज्या पूर्वीनं लिवलेलं?" ती बोलली, "वाचलं ना, म्हणून तर." आणि गेली. म्हणून तर काय? अर्धवट बोलून जाणारी माणसं मला बिलकूल खपत नायत.

बाजूला शोभा बसते. मी आणि ती एकाच टेम्पोतनं करंजा बंदरावरनं माल आणतो. तिच्याकडं पण तीच तऱ्हा. ती माज्याकडं डोळे वटारून बघत होती आणि मला वाटलं, पोरीचं नाव झालं म्हणून जळते.

मंग शहाबानो आली. ही माजी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. नवरा दुबईला, घरात जेवायला दहा तोंडं, आणि मासळी माज्याशिवाय कुणाची नाय. ती कंदी वाकून बघत नाय. लांबनंच बोलते, "ठमाबाई, तू निवड," आणि मी देते ती पिशवी न उघडता घेऊन जाते. ईदेला शिरखुर्मा आधी माज्याकडं, मंग तिच्या नणंदेकडं. त्या दिवशी ती पुढ्यात आली, माज्या डोळ्याला डोळा नाय दिला, आणि वाकून कल्ला उचलला.

शहाबानोनं! मास्तरीणबाई गेली तर दुसरी येईल. पण हिनं कल्ला उचलला म्हंजे माजं इतक्या वर्षांचं नाव पाण्यात गेलं.

मी बोलले, "शहाबानो, झालंय काय तुमा सगळ्यांना?"

ती बोलली, "तू मला इचारतेस? तुझ्याच मुलीनं लिहिलंय. तूच पाठवलंस." आणि फोन काढून वाचायला लागली. वरती मोठ्या अक्षरात, ‘मच्छीवालीच्या मुलीनं फोडलं गुपित’. त्याखाली पूर्वीचा फोटो. आणि खाली, "माझी आई सांगते, कालची मासळी ताजी दिसावी म्हणून आम्ही तिला रक्त लावतो."

मी बोलले, "परत वाच."

तिनं परत वाचलं. तेच.

शोभा उठून उभी रायली. "आमी कोण गं? मला कशाला ओढलंस त्यात?"

मी असं बोलले? मी तर उलटं बोललेले. का बोलता बोलता जीभ घसरली? पण पूर्वीनं वाचून दाखवलं तेव्हा बरोबर होतं. का पोरीनंच पैशासाठी फिरवलं? सांगते, एक घडीभर मला माज्या पोटच्या पोरीचा संशय आला. देवा, शत्रूवर अशी घडी नको.

मी फोन लावून पूर्वीला बोलावलं. ती धापा टाकत आली, वाचलं, आणि पांढरीफटक पडली. आपण पाठवलेलं काढून सगळ्यांपुढं वाचलं. त्यात नीट होतं, "आमी रगत नाय लावत." मंग तिनं सांगितलं ते मी तुमाला सांगते, मला समजलंय तेवढं. वेबसाइटवाले सगळं लिवलेलं एका मशिनीतनं काढतात, भाषा शुद्ध व्हायला. मशिनीनं ‘आमी’चं ‘आम्ही’ केलं, ‘रगत’चं ‘रक्त’ केलं. पण ‘नाय’ म्हंजे काय ते मशिनीला कळलं नाय. तिला वाटलं, टायपायची चूक. काढून टाकला, आणि आधीच्या वाक्याला जोडून सगळं सरळ करून ठेवलं.

"म्हंजे ध चा मा झाला," शोभा बोलली. तिचा राग उतरला. पण बाजारात एकटी शोभा नव्हती. आणि शहाबानोनं सगळं ऐकून घेतलं, "असेल बाई तसं," एवढंच बोलली, आणि रिकामी पिशवी घेऊन गेली.

‘असेल बाई तसं!’ त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. आणि मी तरी शिवी द्यावी कुणाला? मशिनीला ना आय, ना बाप.

पूर्वीनं वेबसाइटवाल्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, लेख खूप लोक बघतायत, अभिनंदन, बाजारातली आणखी गुपितं पाठवा, आणि भाषा प्रमाण ठेवा. पोरगी रडली. मंग पाठीमागं लागून लागून तिनं ते वाक्य दुरुस्त करून घेतलं. पण दुरुस्त झालेलं वाचतं कोण? बोंब पोचते, खुलासा वाटेतच बसतो.

तेव्हा पूर्वी मला बोलली, "आय, चूक माजीच. मी ‘नाही’ लिवायला पायजे होतं. तू पण बाजारात जरा नीट ‘नाही’ बोल, म्हंजे कुणाचा घोटाळा नको." मला पटलं. बोलून बोलून मीच माजा घात केला ना? मी सवय करायला लागले. भाकरी थापताना, भांडी घासताना. नाही. नाही. आमी, नाय, आम्ही रक्त लावत नाही. जिभेला फोड आल्यासारखं वाटायचं.

मधे कितीक दिवस शहाबानो बाजारात दिसली नाय. माज्याकडं नाय, दुसरीकडं पण नाय. पोरं कोंबडी खात असतील. मंग शुक्रवारी आली. लांबच उभी रायली. मी साडी सारखी केली, ताठ बसले, आणि पाठ केलेलं बोलले.

"शहाबानो, आम्ही मासळीला रक्त लावत नाही."

ती माज्या तोंडाकडं बघतच रायली. शोभा पदरात तोंड घालून हसायला लागली.

"परत बोल," शहाबानो बोलली.

"आम्ही रक्त लावत नाही."

"तोबा! ठमाबाई, हे कोण बोलतंय? अशी बोललीस ना, तर खरंच लावतेस असं वाटतं गं."

मंग माजा पारा चढला. घरी बोलले तसं लिवलं तर उलटं झालं, आता त्यांच्यासारखं बोलले तर ते पण खोटं! माणसानं बोलावं तरी कसं? मी सुरमई उचलून फळीवर आपटली.

"नाय लावत!" मी ओरडले. "नाय, नाय, नाय! माज्या सासूनं नाय लावलं, मी नाय लावत! बघायचं तर बघ, नायतर जा दुसरीकडं!"

शहाबानोचे डोळे भरून आले, का मलाच तसं दिसलं, सांगता येत नाय.

"हां," ती बोलली. "आता कसं. निवड."

मी सुरमई निवडली, तुकडे केले. कल्ला उघडून दाखवायला गेले तर तिनं तोंड फिरवलं आणि शोभाला तिच्या नातवाचं इचारत बसली. मंग पिशवी घेतली आणि न उघडता गेली.