बरखास्त टाउनशिपचा हॉल

मी हॉल बोलतोय. नॉर्थ डकोटातल्या गव्हाच्या शेतांमध्ये उभा असलेला, एका टाउनशिपचा लाकडी हॉल. टाउनशिप म्हणजे काय, हे आमचा अध्यक्ष श्रीरंग नागपूरच्या भावाला फोनवर सांगायचा, "अरे, ग्रामपंचायतच समज. माणसं कमी, रस्ते जास्त."

मला इथल्या शेतकऱ्यांनीच बांधलं. माझ्यात लग्नं लागली, नाच झाले. पुढे त्यांची मुलं शहरात गेली आणि मी फक्त मार्चमधल्या वार्षिक सभेपुरता उघडू लागलो.

वैदेही जवळच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर म्हणून आली. नवरा श्रीरंग घरून कंपनीचं काम करायचा. टाउनशिपचा अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा तो झाला. माझं गळकं छप्पर त्यानं स्वतः चढून दुरुस्त केलं. टाउनशिप बरखास्त करू, रस्ते काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, देऊन टाकू, बर्फही तेच काढतील, असं दर सभेत कोणीतरी म्हणे. तो म्हणे, "आपलं आपण बघू."

गेल्या जानेवारीत बर्फाचं वादळ झालं. रस्ता साफ करणाऱ्या डेनिसचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. वैदेहीला क्लिनिकला पोचायचं होतं, म्हणून श्रीरंगच ट्रॅक्टर घेऊन निघाला. थंडीनं डिझेल गोठलं, ट्रॅक्टर बंद पडला. तो उतरून माझ्याकडे चालत येत होता, असं नंतर लोक म्हणाले.

पोचला नाही.

मला काय वाटलं, सांगता येत नाही. भिंती गार होत्या, एवढंच.

मार्चच्या सभेत बरखास्तीचा ठराव आला. निम्मे हात वर, निम्मे खाली. मुलगी इलाशेजारी बसलेल्या वैदेहीचं मत तेवढं राहिलं होतं. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"श्रीरंगला हे आवडलं नसतं," डेनिस हळू म्हणाला.

"नसतंच. भांडला असता माझ्याशी." तिनं हात वर केला. "पण पुढच्या वादळात इथून कोणी एकटं निघायला नको."

माणसं खुर्च्या मिटून गेली. दारात इला म्हणाली, "आई, प्लीज, आता तरी माझ्याकडे नेपरव्हिलला मूव्ह हो."

"पेशंट आहेत गं," वैदेही म्हणाली.

आता माझ्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्यात. थंडी पुन्हा आलीय. सकाळी काउंटीचा ट्रक बर्फ बाजूला सारत जातो, मागून वैदेहीची गाडी. माझ्यापाशी आली की ती थोडी हळू होते.

थांबू नकोस, बाई. रस्ता मोकळा आहे. जा.