दीपस्तंभाचं दार

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. पण उमरग्यातल्या या घरात मला त्या नावानं कुणी ओळखत नाही. इथं मी नुसता 'डबा'. रंगानं काळा, पाठीला जाळी, आणि फार वेळ चाललो की पंख्याची घरघर करणारा. माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. हैदराबादच्या एका मुलानं मला चार दिवस डोक्यावर घेतलं आणि नवा कन्सोल येताच कपाटात कोंबलं. तिथून मला श्रीशैलनं आणलं. त्याचं हायवेला ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. ओळखीच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, चादरीत गुंडाळून, मी महाराष्ट्रात आलो.

मी आलो तो शिवप्रसादसाठी. श्रीशैलचा हा धाकटा भाऊ, तेव्हा विशीतला. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार. शाळेत असतानाच पाय गेले, मग दंडातली ताकद गेली. उशांना टेकवून बसवलं की बसायचा, निजवलं की निजायचा. "बोटं सगळ्यांत शेवटी जातील," असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या बोटांच्या भरवशावर भावानं मला घरी आणलं.

माझ्या पोटात एका खलाशाचा खेळ होता. बेटाबेटांवर हरवलेलं गलबत शोधत फिरायचं. डाव्या अंगठ्यानं रिमोटवरची दांडी पुढं ढकलली की खलाशी धावायचा. पहिल्या दिवशी तो वाळूवरून धावला तेव्हा शिवप्रसाद ओरडला, "अव्वा, बघ की गं! मी पळायलोय!"

त्याची आई नागम्मा पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकाचं तोंड कळत होतं. "पळ रं माझ्या राजा, पळ," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत उभी राहिली. मित्रांनो, यंत्राला छाती नसते, नाहीतर माझी त्या दिवशी फुगली असती.

तो खेळ एका दीपस्तंभाच्या बंद दाराशी येऊन संपायचा. आत काय आहे, ते पुढच्या जोडभागात कळणार होतं. हल्ली कंपन्यांची हीच रीत आहे: आधी खेळ विकायचा, मग मागाहून जोडभाग काढायचा, आणि तो ज्यानं त्यानं इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. उन्हाळ्यात देतो म्हणाले. मग पावसाळ्यात म्हणाले. मोठ्यांच्या तारखा त्या, कोण जाब विचारणार!

इकडं शिवप्रसादचा अंगठा थकत चालला होता. आधी रिमोट मांडीवर असायचा, मग उशीवर आला, मग नागम्मा घडी केलेली वाकळ त्याच्या मनगटाखाली सरकवू लागली. तो एकदा भावाला म्हणाला, "अण्णा, तेवढं दार उघडून मला आत चालून यायचंय. मग अंगठा गेला तर गेला." श्रीशैल वाकळ नीट करत राहिला.

जोडभाग आला तो नेमका खंडेनवमीला. श्रीशैलनं आपला मोबाईल माझ्याजवळ ठेवून इंटरनेट जोडून दिलं आणि दुकानातल्या पान्यांची, जॅकची पूजा करायला गेला. शिवप्रसादचा डोळा लागला. उतरवणं संपून आतली जोडणी चालू होती, तेवढ्यात नागम्मा पूजेचं ताट घेऊन आली. विळा, विळी, शिलाई मशीन, सगळ्यांना फूल वाहून झालं होतं. माझ्यापुढं बसून म्हणाली, "माझ्या शिवाचं हत्यार हेच की." चालत्या हत्याराची पूजा करत नाहीत, आजच्या दिवशी त्याला विसावा द्यायचा असतो. म्हणून तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. मला ओल्या फडक्यानं पुसलं, विभूतीची बोटं ओढली, डोक्यावर झेंडू ठेवला. एवढ्या मायेनं मला कुणीच हात लावला नव्हता.

संध्याकाळी मला चालू केलं, तर फाईल खराब झाल्याची पाटी आली. श्रीशैल वैतागला, पण त्यानं सगळं पुसून पुन्हा उतरवलं. या खेपेला काही बिघडलं नाही. दोघं भाऊ श्वास रोखून बसले. खलाशी पायऱ्या चढला, दाराला हात लावला, आणि मी जागच्या जागी थिजलो. टीव्हीचा पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं उमटली: 'काहीतरी चूक झाली आहे. नंतर पुन्हा प्रयत्न करा.'

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तेव्हा श्रीशैलचा तोल गेला. "अव्वा, तुझ्या पूजेनंच वाट लावली याची! चालू असताना बंद करतंय व्हय कुणी?"

नागम्मा ताटातला झेंडू उचलत होती. तिचा हात तिथंच राहिला. "म्या तर चांगल्यासाठी केलं रं," एवढंच बोलली.

दोष तिचा नव्हताच. मित्रांनो, जोडभागच कच्चा होता. माझ्यासारखे जुने डबे त्या दारापाशी जगभर थिजत होते, आणि खेळणारी माणसं कंपनीच्या नावानं बोटं मोडत होती. शिवप्रसादनं मोबाईलवर एकेक अक्षर दाबून तक्रार लिहिली. उत्तर आलं, 'कन्सोल बंद करून पुन्हा चालू करा.' आता काय बोलावं याला?

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं उमरगा भज्जी-अंबिलाचा नैवेद्य घेऊन रानात गेलं. आम्ही घरीच होतो. त्या शांत दुपारी शिवप्रसादनं पुन्हा खलाशाला दारापाशी नेलं. पायऱ्या चढताना खलाशी वाकडातिकडा जाऊ लागला, कड्याला धडकू लागला. तो दोष ना माझा होता, ना खेळाचा. दार त्याही दिवशी उघडलं नाही.

कंपनीकडून दुरुस्ती आली ती शिवरात्र उलटून गेल्यावर. श्रीशैल दुकान टाकून धावत आला. आणि दार उघडलं! आत उजेडात गोल जिना दिसत होता. खलाशी उंबऱ्यावर उभा राहिला. उभाच राहिला. शिवप्रसाद अंगठ्याकडं बघत होता. अंगठा दांडीवर होता, पण दांडी हलत नव्हती.

श्रीशैल हलकेच म्हणाला, "तू सांग कुठं जायचं, म्या दाबतो."

"न्हाय अण्णा," शिवप्रसाद म्हणाला. "दुसऱ्याच्या हातापायानं तर सगळंच करायलोय. एवढंच माझं माझं चालायचं होतं. बंद कर."

श्रीशैलनं मला बंद केलं आणि कितीतरी वेळ माझ्यावरच हात ठेवून बसला. मग तो आईकडं गेला. चूक कंपनीची होती, तुझी नव्हती, असं त्यानं तिला परोपरीनं सांगितलं. नागम्मानं ऐकून घेतलं. "माझं मन राखायलास तू," म्हणाली.

आता मी फळीवर पडून असतो. नागम्मा सगळं घर झाडते, पण माझ्याजवळ आली की हात मागं घेते.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. पण उद्या तुमच्यातलं कुणी असे खेळ बनवील, तेव्हा नीट तपासून पाठवा. वाट बघणाऱ्या प्रत्येकाकडं 'नंतर' असतंच असं नाही. आणि कधी उमरग्याला आलात, तर हायवेवर श्रीशैलचं दुकान विचारा, घरी जा, आणि नागम्माला सांगा की तुमच्या हातून काही बिघडलं नाही. लेकाचं तिला पटत नाही. परक्याचं कदाचित पटेल.