पंचशीलेच्या वाट्याचा डोळा

मी दुर्बीण बोलतेय, पोटात उतरणारी. माझं अंग काळं, बोटाएवढं जाड, वळेल तसं वळणारं. आत केसाहून बारीक काचेचे तंतू आहेत. त्यांतून पोटातलं सगळं वर पाहणाऱ्याला दिसायचं.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांनी मी इथल्या एका संशोधन केंद्रात आले. दुष्काळ होता. नळ कोरडे, टँकरची वाट. तरी प्रत्येक रुग्णानंतर मला धुवावंच लागे, म्हणून माझ्यासाठी बादल्या भरून झाकून ठेवत.

मला आणखी एक डोळा जोडता येई, शिकणाऱ्यासाठी. एकीकडे डॉक्टर ईश्वरप्पा पाहायचे, दुसरीकडे पंचशीला. ती जळकोटकडच्या मजूरबाईची लेक. पीएच.डी. होऊन आली होती. पोटाच्या रोगांवर तिला स्वतःच्या बळावर संशोधन करता यावं, म्हणून डॉक्टर तिला घडवत होते. एकदा ती साधी सूज आणि खरा व्रण यांत चुकली, तर ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाहेर बाकावर माणसं बसलीत, त्यांच्याशी बोल. दुष्काळानं माणूस वाळतो, रोगानंही वाळतो. नुसतं बघून फरक कळत नाही."

ती तासन्‌तास त्या बाकावर बसू लागली. परक्या बायाही तिला मनातलं सांगायच्या.

मग वैशाखात तिची आईच आली. चांगुणाबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडता फोडता चक्कर येऊन पडल्या. शेजारची कोंडाबाई त्यांना एस.टी.नं घेऊन आली.

"माय, कधीपासून दुखतंय?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"समद्यांचीच पोटं दुखून राहिलीत, बाई. पाणीच तसलं. अन्‌ तू तरी कुठं इचारलं?"

त्या बोलण्यात राग नव्हता. पंचशीला मात्र खाली बसली. भीमजयंतीला ती घरी गेली होती. मायनं भाकरी तिच्यापुढं सारली, आपल्याला भूक नाही म्हणाली. माय आपल्यासाठी घास राखतेय, असं समजून पंचशीला जेवली होती. हे तिनं डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच होते.

"तू बाहेर थांब," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई सर. मी बघते."

मी चांगुणाबाईंच्या घशातून खाली उतरले. जठराच्या तळाशी तो व्रण होता, मोठा आणि खडबडीत. एरवी डॉक्टर विचारायचे, काय दिसतंय? त्या दिवशी त्यांनी विचारायच्या आत पंचशीलाच बोलली.

"कडा उचललेल्या आहेत, सर. खोल गेलंय."

आवाज हलला नाही. तिच्या बाजूची काच मात्र ओली झाली.

चांगुणाबाई उठून बसल्या. त्यांना बादल्या दिसल्या. "येवढं पाणी हिच्यावर वतता व्हय?"

"पुढच्या माणसाला काही लागू नये म्हणून, माय."

"मग चांगलं धू."

त्या दिवशी पंचशीलेनं मला स्वतः धुतलं. बराच वेळ धूत होती.

तो कर्करोग होता, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. आखाड लागायच्या आत चांगुणाबाई गेल्या. पंचशीला परत आली ती डॉक्टरांपुढं उभी राहिली. "शिकणं सोडत न्हाई, सर. पण तिथं डोळा लावणं आता होत न्हाई मला." डॉक्टरांनी तिचा डोळा माझ्यापासून काढून ठेवला. तिनं आपलं संशोधन खडीच्या कामांवर नेलं, उन्हातान्हात, बायांच्या घोळक्यात. पुढं ती नांदेडला गेली. आता तीच इतरांना घडवते.

माझे तंतू एकेक करून तुटले. माझ्यातून पाहिलं तर काळे ठिपके दिसतात. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या दुर्बिणी आल्या, आणि मला पेटीत घालून कपाटात ठेवलं.

परवा पंचशीला आली होती. केस पिकलेत. सोबत तिची शिकणारी मुलं होती.

"मॅडम, ही वापरलीय तुम्ही?" एकीनं विचारलं.

"थोडे दिवस," ती म्हणाली, आणि पेटी लावून घेतली.

लवकरच मला भंगारात देतील. जाताना एवढंच सांगते. घरातलं कुणी ताटावरून लवकर उठत असेल, तर त्याच्याजवळ जरा बसा.