पन्हळीचं तोंड

घराचा नकाशा काढायला बसलं की माणूस आधी चुलीची जागा ठरवतो. कचाना मास्तरणीने आधी पन्हळीचं तोंड ठरवलं.

"सगळ्या गच्चीचं पाणी इथून पडू दे," तिने वहीवर बोट रोवलं. "बाकी घर आपल्या जुन्या रीतीचं. मातीच्या गोल भिंती, वाकून शिरायचं दार, वर धान्य वाळवायला गच्ची. टेकडीतूनच उगवल्यासारखं दिसलं पाहिजे."

म्हातारा गवंडी अवुनी वहीत बघेना. तो उताराकडे बघत होता. खाली अतिगाचं आवार होतं. अतिगा म्हणजे कचानाचा सख्खा काका.

कचानाचा बाप गेला तेव्हा या अतिगाने वहिनीवर हक्क सांगितला. विधवेने दिराच्या घरात नांदायचं, ही आम्हा कसेना लोकांची रीत! कचानाच्या आईने 'नाही' म्हटलं. त्याने तिला लेकीसकट हाकललं. तेवढ्याने त्याचं पोट भरलं नाही. तिने स्वतः रंगवलेली खोली त्याने कुणाला लिंपू दिली नाही. तीन पावसाळ्यांत ती विरघळली. आमच्यात मेलेल्या माणसाची खोली अशी पडू देतात. बाई जिवंत होती, आणि याने तिची माती केली!

"पोरी, ही पन्हळ त्याच्या डोक्यावर सोडतेयस," अवुनी म्हणाला.

"हो! त्याची भिंत विरघळताना मला गच्चीत बसून बघायचीय. बांधणार की दुसरा गवंडी शोधू?"

"शोध की. पण आधी चल. पाणी जाईल तसं जाऊ."

मागच्या पावसाची ओघळ धरून तो काठी टेकत उतरला. ती तणतणत मागे. ओघळ गोरखचिंचेला वळसा घालून गेली आणि एका भिंतीपाशी संपली. ही भिंत अतिगाची नव्हती. अतिगाची खोली वरच्या अंगाला, सिमेंटची, उंच जोत्यावर, पत्र्याखाली. खाली उताराला सगळ्या बायकांच्या मातीच्या खोल्या!

भिंतीशी कपुरी काकू गुळगुळीत दगडाने गिलावा घोटत होती. पाठीला तान्हं बांधलेलं. धाकट्या काकाची ही विधवा, आता अतिगाची चौथी बायको.

"काय गं मास्तरीण, वाट चुकलीस? की माझी भिंत तपासायला आलीस? मार्क दे हो नीट!"

कचानाने ओघळ संपत होती तिथे भिंतीवर हात टेकवला.

"तुझ्या आईने नाही म्हटलं ना," काकू आवाज उतरवून म्हणाली, "तेव्हा मला चुलीपाशी नाचावंसं वाटलं होतं. मग माझी पाळी आली. मीही 'नाही' म्हटलं असतं. पण म्हणून जायचं कुठं? कुणाचं दार होतं?"

परत चढताना अवुनी थांबला. "बांधू पन्हळ? तुझा सूड, तुझी मर्जी. पण भिंत कुणाची पडेल ते बघितलंस. तो पत्र्याखाली घोरत राहील, आणि ही लेकरू घेऊन चिखलात बसेल. मग त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय?"

अरे देवा! ज्याने आईची भिंत पाडली, त्याचंच काम कचाना पुढे रेटायला निघाली होती!

तिने वहीचं पान टराटरा फाडलं. "पाणी मागच्या खड्ड्याकडे वळवा, बाबा. तिथे तळं होईल. आणि नकाशात अजून एक खोली घाला. वेगळं दार, वेगळी चूल."

"कुणासाठी?"

"जिला नाही म्हणायचंय तिच्यासाठी. काकाला मी सोडलेलं नाही!"

भिंती उभ्या राहिल्या. सुगीनंतर लिंपायला गावातल्या बाया आल्या, त्यांत अतिगाच्या चारही बायका. अतिगा धापा टाकत टेकडी चढून आला.

"माझ्या बायका फितवतेस? ही जास्तीची खोली कशाला?"

"काका, तुम्ही माणसासारखे वागा. खोली रिकामी राहील."

बाया फसकन हसल्या. अतिगाने चौघींकडे पाहिलं. एकीनेही मान खाली घातली नाही. तो टेकडी उतरून गेला. पुढच्या पेरणीआधी कपुरी तान्ह्याला घेऊन त्या खोलीत राहायला आली, आणि तिला ओढून न्यायची त्याची छाती झाली नाही.

लोकहो, जुनी घरं जरूर बांधा. माती चांगली, गोल भिंती चांगल्या. पण त्या भिंतींत बायकांना कोंडणारी जुनी रीत नकाशातून खोडून टाका! आणि सूड घ्यायचाच असेल, तर अन्याय करणाऱ्याच्या मुठीतून माणसं सुटतील असा घ्या. त्याच्या पायाखाली आधीच चिरडलेल्यांवर घेऊ नका.