काढून टाकलेला हेलकावा

तीस वर्षं मी टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. आवाज थरथरतो, मागे सूं-सूं ऐकू येते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक यायचं आणि खूश होऊन जायचं. त्यामुळे मुलीच्या कार्यक्रमाच्या तोंडावर तिचं मोठ्या चक्रांचं जुनं टेपचं मशीन मी न विचारता उघडलं, यात माझं काय चुकलं ते मला आजही नीटसं कळलेलं नाही. टेप ओढणारं रबरी चाक झिजलं होतं. ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं, नवं बसवलं, आतून सगळं पुसून काढलं. मशीन सुतासारखं सरळ झालं.

शनिवारी सकाळी मुलीने टेप लावली आणि मटकन खाली बसली.

"बाबा, आवाजातला तो हेलकावा कुठे गेला?"

"काढला. दोष होता तो."

"दीड वर्ष मी त्याच्यावर सूर बसवलेत. उद्या चारला लोक तेच ऐकायला येणारेत."

दोष ऐकायला लोक येतात? मी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? निस्तरा आता," ती म्हणाली.

मग बसलो बिघडवायला. चाक घासलं, पट्टा सैल केला, स्क्रू ढिले केले. टेप एकदा भेकायची, एकदा ठणठणीत चालायची. मुलीच्या कपाळावरची आठी काही जाईना. दुरुस्त करणारा माणूस मी, बिघाड कुठून आणू? अगदी रडकुंडीला आलो. शेवटी वैतागून फिरत्या चक्रावर बोट टेकवलं. सूर लवला, सावरला, परत लवला.

"हाच का?"

"हा नाही," ती म्हणाली. "पण उचलू नका."

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये, पन्नास-साठ माणसांसमोर, मी चक्रावर बोट टेकवून बसलो. अर्धा तास एकच सूर. ना चाल, ना ताल. लोक डोळे मिटून बसलेले. झोपलेत की ऐकतायत, देव जाणे. एवढ्यात मुलीने माझ्याकडे पाहिलं. 'बस करा' म्हणत असेल, असं वाटून मी बोट उचललं.

सूर स्वच्छ झाला. सरळ, निर्दोष, माझ्या दुकानातून बाहेर पडायचा तसा. आणि मला कसंतरीच झालं, शेजारी बसलेलं माणूस न सांगता उठून गेल्यासारखं. मुलीने मान हलवायच्या आतच मी बोट परत ठेवलं. का, ते विचारू नका; मलाही सांगता येणार नाही.