सतरा कालवे

संग्रहालयातल्या बाईंनी चौकटीमागचे खिळे एकेक करून उपसले, पुठ्ठा उचलला आणि चित्र दोन्ही तळहातांवर घेतलं. एचिंग होतं, धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं: कालवा, कमानीचा पूल, पायरीला बांधलेली नाव. बाईंनी भिंग नावेवर नेलंच नाही. कागदाच्या कडेने फिरवलं, चारही बाजूंनी.

"कड कोणी कापली?"

टेबलापलीकडे मायलेकी बसल्या होत्या. आईने विचारलं, "का हो? काही बिघडलं?"

"खालच्या कोऱ्या जागेत चित्रकाराची पेन्सिलीतली सही असते. कितवा छाप, तो आकडा असतो. ते गेलं की..." बाईंनी वाक्य सोडून दिलं. "बाकीची?"

"सतराच्या सतरा अशीच आहेत," मुलगी म्हणाली.

वडील दवाखान्यात असताना तिनेच ती कापली होती. चाळीस वर्षं त्यांनी चित्रं खणात झाकून ठेवली. हात धुऊन, पुसूनच बाहेर काढायचे. ते घरी आल्यावर त्यांना पलंगावरून दिसावीत म्हणून तिने एका मापाच्या सतरा चौकटी आणल्या. कागद मावेनात, तेव्हा स्टीलची पट्टी लावून पातं फिरवलं. पेन्सिलीची गिचमीड तिला दुकानदाराची वाटली होती. कात्रणं त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेली. वडिलांनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं होतं. "छान केलंस," म्हणाले होते.

"बाबांना कळलं होतं?"

"न कळायला काय झालं?" आईने पर्सची चेन उघडली, बंद केली. "मी म्हटलं, अहो, सांगा तरी पोरीला. तर म्हणाले, दोन-तीन महिन्यांसाठी कशाला? आणि तू तोंड उघडलंस तर याद राख."

बाईंनी चित्र परत पुठ्ठ्यावर ठेवलं.

"सगळी एकत्र राहावीत, एवढंच मागितलं होतं त्यांनी," मुलगी म्हणाली.

"एकत्र राहतील. पण दालनात नाही लावता येणार." बाई अवघडल्या. "आमच्या प्रशिक्षणाच्या वर्गात ठेवू. कागद कसा हाताळू नये, ते नव्या मुलांना दाखवायला."

"वा! म्हणजे शिकवणीला," आई म्हणाली. "चल गं, घरी नेऊ."

"कुठल्या घरी? तुझं रिकामं करतोय आपण. माझ्याकडे चार मावतील. उरलेल्या तेरांचं काय?"

बाईंनी अर्ज पुढे सरकवला.

"चित्रं ज्या पेटीत राहतील, तिच्यावर दात्याचं नाव लागतं. मुलं आधी तेच वाचतात. वडिलांचं घालू ना?"

"त्यांचंच. जन्मभर त्यांनीच जमवली," आई म्हणाली.

"नको." मुलीने अर्ज जवळ ओढला आणि त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला घेतलं.

"तुझं काय आहे गं त्यात?"

मुलगी लिहीत राहिली, खालच्या प्रतीवरही स्वच्छ उमटावं म्हणून पेन दाबून.